गाडी वळेपर्यंत

मुलांनो, डोळे मिटा आणि एक माणूस बघा. रस्त्याच्या कडेला कमरेत वाकून उभा आहे, हात मांड्यांवर, नजर जमिनीकडे. त्याने विकलेली नवी गाडी आत्ताच समोरून गेली. आधी त्याने रस्त्यावर उतरून, हात वर करून येणारे ट्रक थांबवले, "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत गाडी बाहेर काढून दिली, आणि मग वाकला. गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत तो सरळ होणार नाही. आतल्या माणसांनाही हे ठाऊक असतं. म्हणून समजूतदार गिऱ्हाईक पहिलं वळण जरा घाईने घेतं. तेवढीच त्याच्या कमरेला सुटका.

दिसला? हे शिगाकीसान. जपानमधल्या समुद्राकाठच्या या गावातल्या निम्म्याअधिक गाड्यांना त्यांनी असाच निरोप दिलेला.

त्या सकाळी आपल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या, उओझुमींच्या गल्लीत ते बॅग काखेत धरून शिरले, आणि जागीच थांबले. दारापाशी एक ट्रक उभा होता. त्याच्यावरून एक कोरी पांढरी गाडी हळूहळू खाली उतरत होती.

आठ दिवसांपूर्वी नोरिए उओझुमीने त्यांना फोन केला होता. "आमची जुनी गाडी घेऊन जाल का?" एवढंच ती म्हणाली. शिगाकीसाननी पुढे काही विचारलं नाही. 'नवी गाडी दाखवा' असं या गावात कोणी थेट तोंडाने म्हणत नाही. जुनीचं काय करायचं, इथून बोलणं सुरू होतं. त्यांनी कॅलेंडरात बघून ताइआनचा, सगळ्या कामांना शुभ असा दिवस धरला. नोरिएनेही नव्या गाडीसाठी कॅलेंडरात बघूनच दिवस निवडला होता. चांगले दिवस महिन्यात असतात किती? दोघांनी एकच धरला.

वसंतात शिगाकीसानच्या दुकानातली विक्री बंद होणार होती. तिथे फक्त दुरुस्ती राहणार. गाडी पसंत करायची ती ज्याने त्याने फोनवर. त्याआधी उओझुमींच्या दारात एक शेवटची गाडी उभी करायची आणि मग गळ्यातला टाय काढून ठेवायचा, एवढं त्यांच्या मनात होतं. रंगांचे नमुने बॅगेतून डोकावत होते. त्यांनी ते अंगठ्याने आत ढकलले आणि चेन लावली.

"शिगाकीसान!" नोरिए दारातून लगबगीने आली आणि मध्येच अडखळली. "मी... सांगायला हवं होतं."

"अहो, जुनी न्यायला बोलावलंत ना? तीच न्यायला आलोय."

"एवढी जुनी गाडी ते फोनवर विकणारे घेत नाहीत, म्हणून तुम्हाला..."

"बरोबर केलंत."

ट्रकवाल्या पोराने फोन पुढे धरला. "इथे बोटाने सही करा. काही अडलं तर गाडीलाच विचारा." ट्रक मागे घेऊन तो निघूनही गेला.

ओट्यावर नोरिएची सासू फुसाए पर्सिमनची केशरी फळं सोलत बसली होती. ती सुरी न थांबवता म्हणाली, "मी फोनवरून बांगडासुद्धा घेत नाही. आमच्या सूनबाईंनी गाडी घेतली."

"आई, आता पुरे ना."

"पुरे तर पुरे. डोळे बघितल्याशिवाय मासा घेऊ नये, एवढंच म्हणते मी."

नोरिएने नव्या गाडीचं दार उघडलं. आतून एका बाईचा गोड आवाज आला, "आमची निवड केल्याबद्दल मनःपूर्वक आभार."

"ही कोण?" फुसाएने मान लांब केली. "आभार मानतेय, पण कंबर कुठाय हिला?"

शिगाकीसान हसले. हसताना त्यांनी जुन्या गाडीच्या टपावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

नोरिएची आठ वर्षांची लेक चिनात्सु इतका वेळ दोन गाड्यांच्या मध्ये उभी होती. तिने विचारलं, "गाडीआजोबा, मग आम्ही फिरायला निघालो की रस्त्यावर तुम्ही उभे राहणार?"

"चिनात्सु!" नोरिए ओरडली.

"विचारू द्या की." शिगाकीसान गुडघ्यांवर हात टेकून खाली झुकले. "ही मी दिलेली नाही ना, बाळा."

"तसा नियम आहे?"

"नियम कसला. जो गाडी देतो, तो उभा राहतो."

चिनात्सुने मान वळवली. ती जुन्या गाडीकडे बघत राहिली. मागच्या काचेवर तिने लहानपणी चिकटवलेला खेकडा अजून होता, एक नांगी गेलेला.

नोरिएने पर्सिमनची पिशवी दिली. शिगाकीसाननी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतली. मग जुन्या गाडीत बसले, आरसा आपल्या उंचीला लावला आणि गल्लीच्या तोंडाशी आले. बंदराकडून ट्रकांची रांग लागली होती. बाहेर निघायला जागाच मिळेना.

तेवढ्यात गाडीच्या बाजूने कोणीतरी पळत गेलं. चिनात्सु. मागे नोरिए, एका पायात चप्पल. पोरीने पदपथाच्या टोकाशी उभं राहून हात उंच केला. मासळीचा एक ट्रक हसत थांबला.

"येऊ द्या, येऊ द्या!"

शिगाकीसाननी गाडी बाहेर काढली. आरशात बघितलं, तर ती वाकलेली होती. हात मांड्यांवर, अगदी बरोबर.

निरोप घेणाऱ्याच्या जागी ते कधी बसले नव्हते. पण गिऱ्हाइकाने काय करायचं ते त्यांना पाठ होतं. वळण लवकर घ्यायचं. वळण रेल्वेच्या रुळांपलीकडे होतं. त्यांनी वेग वाढवला, आणि घंटा वाजू लागली. समोर फाटकाचा दांडा खाली आला.

गाडी थांबली. मागे रस्ता मोकळाच होता. वाकलेल्या पोरीच्या समोरून निघून कसं जायचं, म्हणून मासळीचा ट्रकही हलला नव्हता. नोरिए दोन्ही पाय जुळवून लेकीशेजारी उभी राहिली होती. लोकलचे डबे संपता संपेनात.

चिनात्सुने मान हळूच वर केली. गाडी अजून दिसत होती. ती पुन्हा वाकली, मघापेक्षा जरा जास्त खाली.