नावांसाठी सोडलेली जागा

दगड भिंतीत बसवून झाल्यावर तो चैतालीला दाखवण्यात आला. बाबा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम तासाभरावर आला होता, मांडव भरत होता, मागे भाताच्या पातेल्यांवर झाकणं पडत होती. कॉलनी कमिटीचे अध्यक्ष देवरामकाका तिला विहाराच्या हॉलपाशी घेऊन आले आणि त्यांनी निळ्या पडद्याची कड हळूच उचलली.

"सरांचंच वाक्य घेतलंय बघ. कमिटीत एकाचाही विरोध नव्हता, यावर तरी."

काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं होती : 'एका गुच्छातले सगळे तारे एकाच वेळी जन्मतात. त्यांत कुणी थोरला नाही, कुणी धाकटा नाही.' खाली बाबांचं नाव. त्याखाली वीतभर कोरी जागा.

"काका, हे चूक आहे."

"शुद्धलेखन मराठी शिकवणाऱ्या पल्लवीकडून तपासून घेतलंय."

"शुद्धलेखन नाही. म्हणणंच चूक आहे. बाबांनी फोन करून तुम्हाला सांगितलं होतं."

काकांनी कड सोडून दिली. आठवत होतं त्यांना. आठवत नसल्याचा चेहरा करायला त्यांना जरा उशीर झाला, एवढंच.

बाबा, म्हणजे कॉलनीचे मल्हारी सर, शाळेत विज्ञान शिकवायचे आणि थंडीत कॉलनीतल्या पोरांना जीपमध्ये कोंबून घोटीच्या पुढे अंधारात घेऊन जायचे. कृत्तिकांचा गुच्छ दाखवताना हे वाक्य ठरलेलं. कॉलनीनं ते उचललं. लग्नातल्या भाषणांत आलं, कॅलेंडरवर आलं, निवडणुकीच्या पत्रकावरही आलं. आणि मग गेल्या पावसाळ्यात एके सकाळी, चहा पुढ्यात निवत असताना, बाबा काहीतरी वाचता वाचता एकदम हसले होते.

"चैताली, मी अख्ख्या कॉलनीला चुकीचं शिकवलं गं."

काही म्हाताऱ्या गुच्छांमध्ये बऱ्याच नंतर जन्मलेले तारे सापडले होते. गुच्छ भटकत असताना वाटेतला वायू ओढून घेत असेल आणि त्यातून नवे तारे होत असतील, असं काही शास्त्रज्ञांना वाटत होतं. बाबांना लाज वगैरे वाटली नव्हती. हरवलेली वस्तू घरातच सापडावी तसे ते खूश होते. "नंतर आलेल्यालाही आत जागा असते. हे तर माझ्या वाक्यापेक्षा चांगलंय! पुढच्या कार्यक्रमात माईकवर सांगतो. विसरलो तर आठवण कर."

पुढचा कार्यक्रम हा होता.

"हे बघ," देवरामकाका आता समजुतीच्या सुरात आले, "लोकांच्या भावना आहेत. सरांचं वाक्य आपण कोण बदलणार?"

"बाबांनीच बदललं होतं."

"पण ते माईकवर कुठं बोलले?"

गेले काही दिवस असंच चाललं होतं. भेटायला येणारा प्रत्येक माणूस बाबा कसे होते ते तिलाच समजावून सांगायचा, आणि तिनं मान डोलवायची.

"त्या कोऱ्या जागेत दोन ओळी कोरून घ्या," ती म्हणाली. "तेवढी जागा आहे."

"ती नावांची जागा आहे!" काकांचा आवाज पहिल्यांदा चढला. "कमिटीची. कुणाचं नाव आधी, यावरून अडलंय, नाहीतर तीही कोरून झाली असती. म्हणजे सुरुवातीपासूनच्या लोकांची नावंच नकोत?"

वंदना झाली, भाषणं झाली. तिघांनी ते वाक्य म्हटलं आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. मग काकांनी चैतालीला पुढे बोलावून पडद्याची दोरी तिच्या हातात दिली. "आता सरांची कन्या अनावरण करेल."

तिनं माईक मागून घेतला. "बाबांचं हे वाक्य चुकीचं आहे. असं त्यांनी स्वतःच मला सांगितलं होतं."

मांडवात जोरात टाळ्या वाजल्या. "काय नम्र माणूस!" पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

चैताली पुढे बोलू गेली, पण काकांनी माईक हसत हसत काढून घेतला होता. "ओढ बेटा. लोक जेवायचे थांबलेत."

तिनं दोरी ओढली नाही. पहिल्या रांगेतली मोकळी खुर्ची भिंतीपाशी सरकवली आणि दोरी हातात तशीच धरून बसली.

"चैताली, हे काय?"

"खालच्या जागेत काय कोरणार ते सांगा, मग ओढते."

"मग नावं कुठं टाकायची आम्ही?"

काका कमिटीतल्या दोघांना घेऊन हॉलच्या मागे गेले. तिथून आवाज वाढत गेले. मांडवातले लोक थोडा वेळ थांबून पंगतीला उठले.

कोपऱ्यावरच्या खोलीत दोन वर्षांपूर्वी भाड्यानं राहायला आलेली, पेठकडची फुलाबाई ताट घेऊन आली आणि तिच्या शेजारी बसली.

"खालती काय लिवायचं म्हनतीस?"

"म्हाताऱ्या गुच्छातही नंतर आलेले तारे असतात, असं."

फुलाबाईनं झाकलेल्या दगडाकडे पाहिलं, मग हॉलच्या मागे, जिथून अजून भांडण ऐकू येत होतं. "त्ये लोक नाय लिवायचे," ती म्हणाली आणि ताट चैतालीच्या मांडीवर ठेवलं. "एका हातानं जेव. दोरी सोडू नको."