कुडपणच्या वाटेची काठी

मी एक जुनी चिव्याची काठी आहे, मित्रांनो. चिवा म्हणजे आपल्या डोंगरातला बारीक, भरीव बांबू. आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू बहुधा आपली थोरवी सांगतात. माझ्यापाशीही थोडी थोरवी आहे, पण तिच्यावर एक डाग आहे. तो झाकून बाकीचे सांगणे मला जमायचे नाही. तेव्हा खाली मान घालूनच सांगते.

पोलादपूरच्या बाजूने कुडपणला चढणारी एक पायवाट आहे. तिच्या पायथ्याला एका जांभळीखाली शेंदूर लावलेला दगड आहे आणि तसाच एक वर माथ्यावर. या दोन्ही दगडांपाशी काठ्या उभ्या असतात. चढणाऱ्याने खालची काठी घ्यायची, वर पोचल्यावर वरच्या दगडाशी ठेवायची. उतरणाऱ्याने ती तिथून उचलायची आणि खाली आणून ठेवायची. काठी कोणाच्या मालकीची नसते आणि कोणी ती घरी नेत नाही. ज्याच्या हातून मोडेल त्याने नवी आणून ठेवायची, एवढाच काय तो कायदा. त्याला शिपाई लागला नाही की कागद लागला नाही.

एकोणीसशे वीस साली कुडपणच्या हरिबाच्या हातून अशी एक काठी मोडली, म्हणून त्याने मला तोडले. विस्तवावर शेकून सरळ केले आणि तापलेल्या विळ्याने माझ्या गळ्याशी तीन काळी वळी डागली. वाटेच्या काठीची ती खूण. मला दगडाशी उभी करताना तो म्हणाला, "वाटंची ऱ्हा. घराची होऊ नको." त्या शब्दाला मी जागले नाही.

आमच्या वाटेच्या मध्यावर घसरण नावाचा एक तिरपा कातळ आहे. त्यावर बारमाही पाणी पाझरते, शेवाळ कधी सुकत नाही आणि एका बाजूला खोल ओहोळ आहे. तिथे माझी खरी परीक्षा असे. मुंबईहून सुटीवर आलेले चाकरमानी डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन चढत. या वाटेला काय भ्यायचे असे म्हणणारे ते गडी घसरणीवर आले की मला दोन्ही हातांनी धरत. मला मजा वाटे.

पण माझे सगळ्यात ओळखीचे माणूस म्हणजे हरिबाची आई, ठमाबाई. दर बाजारी ती डोक्यावर तुपाचे मडके घेऊन उतरायची. तिचा अंगठा नेहमी माझ्या एकाच पेराच्या वर बसायचा. वर्षानुवर्षे बसून बसून तिथे एक लहानसा खळगा पडला होता. तिच्या मडक्यातले तूप मी तिच्या हातात असताना कधी सांडले नाही.

आणि नाताळच्या सुटीत यायचे त्रिंबक मास्तर. महाडला शाळेत शिकवत. यांना डोंगरात काही काम नसे. नुसते चालायला येत, दरवर्षी, त्याच वाटेने. वळण तेच, थांबायची जागा तीच. समोर भीमाची काठी नावाचा सुळका दिसला की पगडी काढून म्हणायचे, "अगदी तशीच आहे." गेल्या वर्षात सुळका कुठे जाणार होता, कोण जाणे. ठमाबाई त्यांना ताक-भाकरी देई आणि दरवेळी विचारी, वर तुमचं हरवलंय तरी काय? मास्तर हसत. त्यांच्याजवळ स्वतःची एक शहरी काठी होती, काळी, झिलईची, मुठीला कुत्र्याचे तोंड आणि मधोमध पितळी पेच, म्हणजे दोन तुकडे करून पिशवीत घालता यायची. जेवताना ती ठमाबाईच्या पडवीत खांबाला टेकलेली असे. चालायला मात्र ते मलाच घेत.

त्यांच्या येण्याच्या अकराव्या वर्षी उतरून ते जांभळीखाली आले आणि मला ठेवीनात. माझ्यावरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. पिशवीतून आपली काठी काढली, पेच आवळला, ती शेंदराच्या दगडाशी उभी केली आणि हात जोडले. बदली दिली म्हणजे चोरी नव्हे, असे काहीतरी पुटपुटले आणि मला घेऊन चालू लागले.

काठीला ओरडता येत नाही हे खरे, मित्रांनो. पण येत असते तरी मी ओरडले नसते. मला आनंद झाला होता. हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी, तशी माझी गत.

महाडला मला खोबरेल तेल चोळले. टोकाला पितळी शेंबी बसली. मास्तरांनी माझ्या गळ्याशीही एक पितळी पट्टी ठोकून घेतली, बरोबर त्या तीन वळ्यांवर. शोभेसाठी, असे ते कासाराला म्हणाले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी मात्र आल्या दिवशीच विचारले होते की आपली काठी कुठे गेली.

"बदलून आणली," मास्तर म्हणाले.

"बदलून? ती मधे लटपटते म्हणून तुम्हीच कुरकुरत होता ना? ती कुणाच्या गळ्यात बांधलीत?"

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मुलांना परक्या वस्तूला हात लावू नये यावर शुद्धलेखन घातले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी कोपऱ्यात चकाकत उभी होते. संध्याकाळी सावित्रीच्या काठाने आम्ही फिरायला जात असू. लोक थांबून मला पाहत, आणि मी सुखाने फुगत असे. सपाट रस्त्यावर काठीचा उपयोग काय, हा विचार मला एकदाही शिवला नाही.

पुढच्या नाताळात मास्तरांना राहवेना. आवडती वाट, ती सोडवते कशी? पट्टी पुन्हा एकदा ओढून पाहिली आणि मला घेऊनच निघाले. जांभळीखाली त्यांची काळी काठी दिसली नाही. कोणीतरी वापरतो आहे, बरे झाले, असे म्हणून त्यांनी सुस्कारा टाकला. सुळका दिसला तेव्हा पगडी काढली, पण म्हणाले काही नाही.

ठमाबाई पडवीत बसली होती. एक पाय लांब केलेला, वाकडा. हरिबाने सांगितले की शिमग्याच्या आधी आई तूप घेऊन उतरताना घसरणीवर हातातली काठी मोडली आणि म्हातारी ओहोळात पडली. मांडीचे हाड मोडले ते नीट बसलेच नाही. आता सरपटत फिरते. काठी कसली होती विचारले तर कुजकी होती म्हणते. एवढे सांगून तो म्हशीकडे गेला.

मास्तरांनी मला खांबाला टेकवले होते. ठमाबाई मला धरून जरा सावरून बसू लागली, आणि तिचा अंगठा आपल्या जागी, त्या खळग्यात बसला. तिथेच थांबला. मला त्या वेळी मोडून पडावेसे वाटले.

"ठमाबाई," मास्तर म्हणाले, "ती काठी..."

"ठाव हाय," ती हळूच म्हणाली. "कुत्र्याचं तोंड हातात ऱ्हायलं व्हतं. ते वटीत लपवलं. कणगीमागं हाय. हरिबाला दावलं नाय, नायतर तो तुमची वाट बंद करील."

"कशी वापरलीत ती? असली काठी..."

"तुमची म्हणून वळखली. म्हटलं, मास्तरांनी वाटंला दिली. मास्तरांची वस्तू काय दगा देती? म्हणून सगळा भार टाकला."

मास्तर गप्प राहिले असते तर कोणाला काही कळले नसते, आणि पुढच्या नाताळात ताक-भाकरीही मिळाली असती. पण ते उठले, मला घेऊन गोठ्यात गेले आणि हरिबाला म्हणाले, "काठी माझी होती. ही तुमची मी चोरून नेली. आणि ती मधे लटपटते हे मला ठाऊक होतं."

हरिबाने कोयतीच्या टोकाने माझ्या गळ्याची पट्टी उचकटली. खालून तीन काळी वळी निघाली. शेंबीही काढली. दोन्ही पितळी तुकडे मास्तरांच्या हातावर ठेवले.

"ह्ये तुमचं," तो म्हणाला. मास्तर तसेच काठीशिवाय वाटेला लागले, तेव्हा त्याने मागून मला पुढे केले. "काठी घ्या. घसरणीवर वलं हाय."

मित्रांनो, शिव्या दिल्या असत्या तर मास्तरांना सोसल्या असत्या. ते रडत उतरले. जांभळीखाली मला दगडाशी ठेवून त्यांनी हात जोडले नाहीत. तेवढा धीर त्यांना झाला नाही. पुन्हा ते कधी आले नाहीत. बंदी कोणी घातली नव्हती.

त्याला आता सात वर्षे झाली. मला चीर गेली आहे, पण अजून लोकांना घसरण पार करून देते. पट्टीच्या खिळ्यांची भोके गळ्याशी तशीच आहेत. कोणाचे बोट तिथे लागले की मला लाज वाटते. वाटेवरची वस्तू तुम्हाला फार आवडली, तर तिला चांगले वागवा, मित्रांनो, आणि जिथली तिथे ठेवा. तुमच्या मागून कोणीतरी तिच्या भरवशावर येत असते.

त्या पेरावरचा खळगाही अजून आहे. त्यात कितीतरी अंगठे बसून जातात. ठमाबाईचा मात्र पुन्हा बसला नाही.