नणंदेच्या कपाटातली प्रत

बाईंची सारी नोकरी कर्णबधिर मुलांच्या शाळेत गेली. तिथेच त्यांना वर्गातल्या खुणा कॅमेऱ्यात टिपून ठेवायचा नाद जडला. एकेका शब्दाची खूण, ती करणारी मुलं, शिवाय शाळेत येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या जुन्या खुणा, ज्या आता कुणीच करत नाही. निवृत्तीनंतर हे सगळं चित्रण दोन भल्यामोठ्या हार्ड डिस्कवर, प्रत्येकीवर एक पूर्ण प्रत असं आलं आणि त्यांचा काळा खोका जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसला.

"पायाला गरम लागतं," नवरा म्हणायचा.

"थंडीत बरं असतं की," बाई म्हणायच्या.

हार्ड डिस्कवर बाईंचा काडीचाही भरवसा नव्हता, म्हणून तर त्यांचं काम चोख होतं. नवी डिस्क आणली की आधी ती काठोकाठ भरायची आणि सगळं परत वाचून बघायचं. त्यात आठवडा गेला तरी बेहत्तर. जोडीच्या डिस्क एका दुकानातून, एका खेपेतल्या घ्यायच्या नाहीत, कारण जुळ्यांना एकदमच ताप येतो असं त्यांचं म्हणणं. तिसरी प्रत असायची नणंदेच्या घरी, कपाटात, जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून. नवं काही चित्रण जमलं की नवरा ती डिस्क घेऊन यायचा, भरून झाली की पोचवायचा, आणि दोन्ही वेळा कुरकुरायचा.

"घरात दोन असताना हे तिसरं लचांड कशाला?"

"दोन्ही एकाच टेबलाखाली आहेत, म्हणून."

एके दुपारी एक जुनी विद्यार्थिनी दारात उभी राहिली. वर्गात सगळे तिला चष्मेवाली म्हणत, बाई अजूनही म्हणत. ती आणि तिचे सोबती खुणांचा शब्दकोश बनवत होते. बाईंकडून नेलेलं सगळं चित्रण त्यांनी एकाच मोठ्या डिस्कवर ठेवलं होतं. नवी कोरी, महागातली, तिला काय होतंय, असं म्हणून. ती डिस्क काल बंद पडली होती आणि दुरुस्तीवाल्याने हात टेकले होते. हे सगळं तिने हातांनीच सांगितलं, इतक्या घाईने की बाईंना तिची बोटं धरून थांबवावं लागलं.

"आहे माझ्याकडे," बाईंनी खूण केली. "बस. पाणी पी."

पण बाईंकडेही सगळं आलबेल नव्हतं. त्यांच्या दोन डिस्कपैकी एक त्याच आठवड्यात टकटक करू लागली होती. ती काढून त्यांनी आधीच तपासून ठेवलेली नवी लावली होती आणि उरलेल्या डिस्कवरून तिच्यावर सगळं उतरत होतं. संध्याकाळी ते मध्येच अडलं. पडद्यावर लाल ओळी आल्या.

नवऱ्याचा चेहरा उतरला. "म्हणजे गेलं सगळं?"

"सगळं नाही. थोडे तुकडे वाचता येत नाहीत. मोठ्या डिस्कचं हेच दुखणं. एखादा कोपरा कधी सडतो ते कळत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचायची पाळी आली की उघडं पडतं, आणि ती पाळी नेमकी जोडीदार गेल्यावर येते."

"कुठले तुकडे?"

"म्हाताऱ्यांचे."

चष्मेवाली दोघांच्या ओठांकडे बघत होती. बाईंनी तिला सगळं खरं सांगितलं, काही झाकलं नाही. वळून बघतात तर नवरा चपला घालून दारात.

"ताईकडे जाऊन येतो," तो म्हणाला. या वेळी कुरकुर नव्हती.

तो परतला तेव्हा डिस्क स्वेटरसकट छातीशी धरलेली होती आणि मागे नणंदही होती. "इतकी वर्षं माझ्याकडे काय ठेवलंय ते मलाही बघू दे," ती म्हणाली. चौघं टेबलाभोवती बसली. बाईंनी अडलेली एकेक फाइल या प्रतीतून उचलली, उघडून पाहिली. एक वाकलेला म्हातारा पडद्यावर आला आणि त्याने मूठ हळूहळू उघडत 'पहाट' ही खूण केली. चष्मेवालीने ती लगेच आपल्या हाताने करून पाहिली. पुढची फाइल, त्याच्या पुढची. सगळ्या उघडल्या. एकही गळाली नाही.

चष्मेवाली निघाली तेव्हा तिच्या पिशवीत दोन डिस्क होत्या. बाईंनी एक देऊन सोडलंच नसतं.

शब्दकोश ठरल्या दिवशी बाहेर पडला. सभागृहात टाळ्यांचा आवाज नव्हता, शेकडो हात वर होऊन हलत होते. मंचावर चष्मेवालीने सांगितलं की या खुणा करणारी माणसं गेली, पण खुणा राहिल्या, कारण आमच्या बाईंनी त्या राखल्या. मग तिने बाईंना उभं राहायला लावलं.

बाई उभ्या राहिल्या. एरवी कुणी कौतुक केलं की त्या खाली बघत, आज बघितलं नाही. सगळे हात नीट बघून घेतले. शेजारी नवरा अनोळखी माणसाला रंगवून सांगत होता, "तिसरी प्रत आमच्या ताईकडे असते. ने-आण माझ्याकडे."