गाढवीच्या पाठीवरचा राजा

चैत्राची सोनसळी सकाळ. कडुनिंबाच्या मोहराचा मंद, कडवट-गोड परिमळ. क्षीणसलिला नदी, आणि देवळाच्या अंगणात हिरव्या झावळ्या घेऊन उभी असलेली शुभ्रवसना मंडळी. आज झावळ्यांचा रविवार. राजाधिराज येशू गाढवावर बसून यरुशलेमेत शिरला, आणि लोकांनी त्याच्या वाटेवर झावळ्या नि अंगावरची वस्त्रं अंथरली, तो दिवस.

इथली रीत अशी, की मिरवणुकीपुढं राणू कुंभाराची गाढवी चालायची, रिकाम्या पाठीनं. त्या पाठीवर राजा बसलाय असं मानायचं. मानणाऱ्याला तो दिसायचाही. ज्यांना दिसत नाही, त्यांनी डोळे धुऊन यावं.

यंदा मात्र दारात घोडी उभी. दुग्धधवल, जरीझुलीची, घुंगुरगळ्याची. हन्नाबाईचा लेक शमुवेल, मंडळीचा पंच, वरातवाल्याकडून घेऊन आला होता.

"गाव हसतंय, आई," तो खाली बघत म्हणाला. "गाढवावरून धिंड काढत्यात. राजाला बसवत न्हाईत."

ठेंगणी, ताठ हन्नाबाई पुढं झाली.

"तुझ्या आज्याची काढली होती. बाप्तिस्मा घेतला त्याच दिवशी, याच वेशीतनं, तोंडाला काळं फासून. उतरल्यावर काय बोलला तो? म्हणाला, माझ्या राजाच्या जागी बसवलंत, उपकार झाले."

शमुवेल घोडीची झूल सारखी करत राहिला.

"घोड्यावरचे राजे लई झाले, बाबा. त्यांच्या टापा चुकवता चुकवता आपल्या पिढ्या वाकल्या. आपल्या अपमानात आपल्याआधी जाऊन बसला, असा हा एकलाच. याच्या पायाला माझा हात लागतो. घोडीवर चढवलास, तर पुरायचा न्हाई."

"माझी गाढवी तर पहाटंपासनं न्हाऊन बसलीया, बाई," राणू कुंभार म्हणाला. "तुमच्या मंडळीतली निम्मी अजून पारोशी हायेत."

घोडी परत गेली.

गाढवी निघाली. धूसरवर्णा, मृदुनयना, लंबकर्णा. पाठीवर कुणी नाही, आणि पाठीवर सगळं आभाळ. वेशीपाशी हसू फुटलं, पारावरून पारावर उडत गेलं. "वरात निघाली रे," कुणीसं ओरडलं.

शमुवेल थांबला. आता तो मागं फिरणार, असं मंडळीला वाटलं. त्यानं डोईचा केशरी फेटा सोडला, वळसा वळसा उलगडला, आणि गाढवीपुढं धुळीत अंथरला.

गाढवीनं हुंगला. मग एक खूर टाकला, मग दुसरा.

जरीच्या पदरावर मातीचे चार ठसे उमटले, तुरा धुळीत लोळला; आणि हसणाऱ्या गावातून, भर उन्हातून, बोडक्या डोक्यानं शमुवेल चालला, आपल्या राजाच्या पुढं, सावकाश, सावकाश.