निखाडे सरांचा ढग

निखाडे सरांना खगोलशास्त्रातलं एकच कळतं, फोटो काढताना दुर्बिणीच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं ते. तेही दोनदा चुकलेलं मी पाहिलंय. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली तासिका तत्त्वावर शिकवणारी. दुर्बीण चार वर्षं खोक्यात पडून होती. खोकं मी उघडलं, कॅमेरा मी जोडला.

हंस तारकासमूहात एक थोराड तारकागुच्छ आहे. वय जेमतेम काही लाख वर्षं, म्हणजे ताऱ्यांच्या मानानं बाळंच, पण त्यातले कितीतरी तारे सूर्याच्या वीस-तीस पट वजनाचे. त्यांचा प्रकाश कमीजास्त होत राहतो. पुण्याच्या एका संशोधन गटाला सलग वीस संध्याकाळींची मोजणी हवी होती. ती नीट जमली आणि सरांचं शिफारसपत्र मिळालं, तर पीएचडीची जागा माझी. माझ्या गावच्या, राजूरच्या कोळशाच्या धुळीतून बाहेर पडायचा दुसरा रस्ता मला दिसत नव्हता. पाऊस ओसरला तशी मी मोजणी सुरू केली.

नवव्या दिवशी खंडेनवमी आली. सरांनी प्रयोगशाळेतल्या यच्चयावत उपकरणांची पूजा केली. तराजूला हळद, व्होल्टमीटरला हळद, आणि मी वर्गावर असताना कॅमेरा सोडवून त्याच्या आतल्या काचेलाही हळदीचं बोट. राजूरला अब्बांचं डंपर दुरुस्तीचं गॅरेज आहे. तिथली पोरंही त्या दिवशी पूजा करतात, अब्बा सगळ्यांना पेढे आणतात. पण ती पोरं हळद बॉनेटला लावतात, इंजिनात नाही. दहावी नापास पोरांना एवढी अक्कल आहे.

संध्याकाळी फोटोत काळपट गोल डाग आला, नेमका माझ्या ताऱ्यांवर. मी तोंड उघडायच्या आत सर स्क्रीनवर वाकले. तरुण तारे धुळीच्या ढगाआड दडलेले असतात, एवढं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. त्यापुढं वाचायचे कष्ट घेतले नव्हते.

"फिजा, ढग हाये हा! याच्यामागं नवीन गुच्छ जन्मून राह्यला!"

"सर, ती तुमच्या बोटाची हळद आहे. हे पाहा, दुर्बीण चंद्रावर नेली तरी डाग तिथंच."

सरांनी पाहिलं. गंभीरपणे मान हलवली.

"मंग ढग मोठा असन."

"सर, काच पुसू का?"

"कायले? शनिवारी अध्यक्षसाहेबांले दाखवू. तोवर कॅमेऱ्याले हात लावू नको."

आणि ते पेपरवाल्याला फोन करायला खाली गेले. एक संध्याकाळ हुकली असती तर मला पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं असतं. ते जिना उतरेपर्यंत मी काच पुसून टाकली.

शनिवारी संध्याकाळी गच्चीवर संस्थेचे अध्यक्ष आले. हार झाले, शाल झाली, सरांच्या शोधाची बातमी मोठ्यानं वाचून झाली. मग पडदा उजळला. तारे लख्ख, ढग गायब. सरांचं तोंड उतरलं आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. माणसाची फजिती इतकी गोड लागू शकते हे मला माहीत नव्हतं.

पण सर सरच. त्यांनी माईक ओढला. "साहेब, ढग इरला! तारे जन्मले! आपण साक्षीदार आहोत!"

लाखो वर्षांचं काम चार दिवसांत उरकलं आणि गच्चीवर एकालाही शंका आली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्राध्यापकांनी जरा जास्तच.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "असंच झालं ना मॅडम?"

सर माझ्याकडे पाहत होते. शिफारसपत्रावर अजून सही व्हायची होती.

"हो साहेब," मी म्हणाले. "विरला ढग."

विसावी मोजणी संपली त्या दिवशी सरांनी स्वतः पत्र आणून दिलं. लिहिलं होतं, 'या मुलीच्या निरीक्षणात खोट सापडणार नाही. तीस वर्षांच्या नोकरीत इतकी प्रामाणिक सहकारी मी पाहिली नाही.' त्यांना ते मनापासून वाटत होतं. मला त्यांच्यावर हसायचं होतं, पण हसू आलं नाही. माझीच मला लाज वाटली.

मी ते पत्र स्कॅन केलं आणि पुण्याला पाठवून दिलं.