वीतभर खिडकी

ग्यानबा गवंड्याने थापीवर सिमेंट घेतले आणि मागच्या भिंतीतल्या खिडकीत पहिली वीट बसवली. खिडकी कसली, नुसती फटच. वीतभर उंच, दोन हात लांब, नेमकी डोळ्यांच्या पातळीवर.

“देवमनकाकानं काय पाहून बांधली ही, त्याह्यलेच ठाऊक. वारं येते, पाणी येते, उजेड तेवढा येत नाही.”

“बुजव तू,” बेबीताई म्हणाल्या. “चाळीस साल थंडी खाल्ली मी.”

दिवस मावळताना त्यांचे यजमान देवमन रोज तिथे उभे राहत, घराकडे पाठ करून. विचारले तर ‘काही नाही’ म्हणत. हा माणूस मनाने कधीच घरात नव्हता, असे बेबीताईंनी केव्हाच धरून टाकले होते. गेल्या माघात ते वारले, तेव्हाही बेबीताईंना आधी ती पाठच आठवली.

दाराशी ज्योत्स्ना बसली होती. एकाहत्तरच्या लढाईत देवमन समुद्रकाठच्या ज्या बंकरमध्ये पहाऱ्यावर होते, त्याची डागडुजी होऊन तिथे आता संग्रहालय उभे राहत होते. त्यांनी गावी आणलेली दारूगोळ्याची लोखंडी पेटी न्यायला ती संग्रहालयाच्या वतीने थेट रिठदपर्यंत आली होती. बेबीताई पेटीतले तुरीचे बियाणे सुपात काढत होत्या.

“आजोबा तिथलं काही सांगायचे?”

“मले विचारतं? हे अन् ही भिंत, दोगंबी मुके.”

ज्योत्स्नाने मोबाइल पुढे धरला. काळ्या भिंतीत आडवी फट, फटीत समुद्र.

“इथे उभं राहून सांजेला परतणाऱ्या होड्या मोजायच्या, हे त्यांचं काम. एके दिवशी एक होडी आली नाही. तिथली नोंदवही सापडलीय. पुढे दीड महिना, पाळी नसतानाही, रोज त्यांच्याच अक्षरात दोन शब्द आहेत. ‘अजून नाही.’”

सूप हातातच राहिले. बेबीताई फोटोकडे पाहत राहिल्या, मग भिंतीकडे. उठल्या, आणि ओली वीट दोन्ही हातांनी ओढून काढली.

“आता काहून, काकू?”

“राहू दे.”

ग्यानबा थापी धुवायला गेला. बेबीताई फटीशी उभ्या राहिल्या. बाहेर वाऱ्याने तूर एका अंगाला कलत होती, पुन्हा सावरत होती. शेताच्या धुऱ्यावरून निंदणी आटोपलेल्या बाया एकामागे एक गावाकडे परतत होत्या.

“आजी, पेटी नेऊ ना मग?”

“ने,” बेबीताई पाठ न वळवता म्हणाल्या. त्यांचे ओठ हलत होते. “अन् मधात बोलू नको.”