आठवण म्हणून नेलेलं पिल्लू

सकाळी धार काढताना भुंग्या बादलीजवळ आला नाही, तेव्हाच तिला चुकल्याचुकल्यासारखं झालं. एरवी हे पिल्लू दुधाचा फेस नाकाला लावून घेतल्याशिवाय तिला उठू देत नसे. तिने हाका मारल्या, गोठ्यामागे पाहिलं, गवताच्या गंजीत हात घालून पाहिला, विहिरीत वाकून पाहिलं. मग ती फाटकाशी आली. रात्री आतून लावलेला अडसर काढून भिंतीला टेकवून ठेवलेला, आणि बाहेरून कडी घातलेली. कोंबड्या बाहेर जाऊ नयेत याची काळजी घेऊन चोर गेला होता! आणि भुंग्या, जो वाऱ्याने पडलेल्या पानावरही भुंकायचा, तो एकदाही भुंकला नव्हता.

तिचा नवरा वारला त्याला वर्ष होत आलं होतं. शेतातलं घर वस्तीपासून दूर. ‘बाईमाणसाने एकटीने तिथे राहायचं म्हणजे काय,’ हे तिला भेटेल तो ऐकवत होता. तिने कोणाशी वाद घातला नाही. एक कुत्री आणून पाळली. ती कुत्री गाडीखाली गेली, तेव्हा तिचं हे एकच पिल्लू मागे राहिलं होतं. ते मोठं होईपर्यंत कसंबसं निभावायचं, मग आपल्याला इथून कोणी हलवत नाही, असा तिचा हिशेब होता. आता तो हिशेबच कोणीतरी काखोटीला मारून नेला होता.

ती आधी सुताराकडे गेली, कारण त्याचं दुकान रस्त्यावर, येणाराजाणारा त्याला दिसतो. सुतार तिच्या नवऱ्याचा जिवाभावाचा मित्र. तो शिडीवर चढून दुकानाच्या पन्हळीला खिळे ठोकत होता.

“चोरी?” तो वरूनच म्हणाला. “आपल्याकडे? काहीतरीच काय वहिनी! गेलं असेल कुठंतरी उनाडायला.”

“कडी घालून गेलं?”

“तुम्ही एकट्या, डोक्याला ताप, कडी घातल्याचं विसरला असाल. आणि बघितलं असतं तर सांगितलं नसतं का मी? माझा मित्र होता तो.”

ती शिडीकडे बघत राहिली. तिसऱ्या पायरीला तांब्याची तार गुंडाळलेली होती. ती तार तिच्या नवऱ्याने गुंडाळली होती, आणि तेव्हा पक्कड हातात देत ती शेजारी उभी होती.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आपल्याकडे नवरा वारलेल्या बाईच्या घरातून वस्तू चोरीला जात नाहीत, त्या ‘आठवण म्हणून’ जातात. माणूस गेल्यावर भेटायला आलेला प्रत्येकजण डोळ्याला रुमाल लावून येतो आणि निघताना काहीतरी उचलतो. शिडी सुताराने नेली. फवारणीचा पंप आणि आरामखुर्ची दिराने नेली. भिंतीवरचं घड्याळ कोणी नेलं, हे तर तिला अजून कळलेलं नाही. रडून डोळे सुजलेली बाई शिडीसाठी भांडायला उठणार का? ती मान हलवते, आणि ती मान म्हणजे परवानगी असं सगळे धरून चालतात. बायकोला आठवण लागत नसावी, असाच सगळ्यांचा समज असतो. मला या रुमालवाल्यांची मनापासून चीड येते.

सुताराकडून ती पोलीस चौकीत गेली. हवालदार चहा पीत होता. त्याने तिला बसायला सांगितलं, पंखाही लावला.

“कुत्र्याचा मालक कोण?”

“मी.”

“म्हणजे घरातलं कोण? पुरुषमाणूस?”

“कुत्रं माझं आहे. चोरी माझ्या घरात झालीये. मी तुमच्यासमोर बसलेय. अजून कोण हवंय?”

“चिडू नका ताई. तुमच्याच भल्याचं सांगतो. दिराला घेऊन या, म्हणजे पुढेमागे भानगड नको.”

तिला वाटलं, टेबलावरचा तो कप उचलून भिंतीवर आपटावा. पण ती उठली, आणि दुसरा मार्गच ठेवला नव्हता म्हणून दिराच्या घराकडे निघाली. चालता चालता अडसर आठवला. तो बाहेरून हात घालून कसा काढायचा, हे घरच्या माणसाशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. तिची चाल आपोआप वाढली.

जावेने दार उघडलं आणि नजर खाली वळवली. मागच्या अंगणात, फवारणीच्या पंपाला बांधलेला भुंग्या, पोट टम्म फुगवून झोपला होता. दीर आरामखुर्चीत होता.

“या वहिनी! मी येणारच होतो सांगायला. म्हटलं, दादाच्या घरचं पिल्लू, आठवण म्हणून आपल्याकडे असावं. पोरांना लळा लागलाय.” मग तो जरा पुढे झुकला. “आणि खरं सांगू का, आता कुत्र्याशिवाय तिथे कशाला राहायचं? मागची खोली रंगवून ठेवलीये तुमच्यासाठी. जमिनीचं मी बघतो.”

असं होतं तर! खोली आधी रंगली होती, पिल्लू नंतर उचललं होतं.

“भाऊजी,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, “तुमचे दादा गेले तेव्हा हे पिल्लू जन्मलंही नव्हतं. याची आई मी नंतर आणली. त्यांनी दोघांनाही कधी पाहिलं नाही. कोणाची आठवण काढताय तुम्ही?”

दीर खुर्चीत सावरून बसला. “म्हणजे मी चोर का? घरच्याच माणसाला चोर म्हणता?”

“कडी कोणी घातली?”

त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने त्याच्याकडे पाहिलं नाही. जाऊच अंगणात गेली, पंपाची गाठ सोडली आणि दोरी आणून तिच्या हातात दिली. “न्या ताई,” एवढंच म्हणाली. दीर बडबडत होता, लोक काय म्हणतील, रात्रीबेरात्री काही झालं तर आमच्याकडे येऊ नका. कोणी ऐकत नव्हतं.

आणि भुंग्या? तो मेला जागचा हलेना. दिराकडचं दूधपाणी त्याला चांगलंच मानवलं होतं. ओढलं तर पाय रोवून बसला. शेवटी तिने त्याला उचलून छातीशी धरलं आणि घामाघूम होत रस्त्याला लागली.

“सापडलं ना!” सुतार शिडीवरून ओरडला. “बघा, म्हटलं नव्हतं? आपल्याकडे चोरी होत नाही!”

ती थांबली.

“उतरा खाली.”

“काय झालं?”

“शिडी माझी आहे. मला गच्चीवर चढायला लागते. वर्षभर मी पिंपावर पिंप ठेवून चढतेय.”

“अहो वहिनी, ही तर त्याची आठवण...”

“माझ्याकडे ठेवा. मला आठवतात ते.”

सुतार उतरला. तिचे दोन्ही हात पिल्लाने अडवलेले, तेव्हा शिडी खांद्यावर घेऊन त्यालाच तिच्यामागे चालावं लागलं. वाटेत लोक विचारत होते, शिडी कुठे निघाली? सुतार मान खाली घालून चालत होता, म्हणून उत्तर तीच देत होती.

“घरी,” ती मोठ्याने सांगत होती. “उद्या पंप येईल. घड्याळ कोणाकडे आहे, तेही बघतेय.”

विचारणाऱ्यांपैकी काहीजण मग घाईघाईने घरात गेले. तुम्हीही एकदा जाऊन बघा, तुमच्या भिंतीवरचं घड्याळ कोणाचं आहे.